व्हूलाच्या घरचं शिंग

रेणूकाकूंना काही खायला पाठवायचं म्हटलं, की आमच्या न्यू जर्सीच्या पार्सिपनीतल्या बायका आधी घरात टाकाऊ डबा शोधतात. रेस्टॉरंटमधून सूप येतं ना, तसला पातळ प्लॅस्टिकचा, गेला तर गेला म्हणण्यासारखा. कारण काकूंकडे गेलेलं भांडं कधी रिकामं परत येत नाही. चांगला डबा दिला तर तो सांबारवडी घेऊन परत येतो, आणि मग आपल्यालाच ओशाळं होतं. टाकाऊ डब्यानं हा प्रश्न सुटेल असं प्रत्येकीला वाटतं. सुटत नाही. तो सूपचा डबाही काकू घासूनपुसून, त्यात मूठभर शेव घालून, दारात आणून देतात. एकदा मी वैतागून म्हटलं, "काकू, अहो हे फेकायचं असतं."

"मग फेक तू," त्या म्हणाल्या. "पण भरलेला कसा फेकशील?"

मी फेकला नाही. आमच्या स्वयंपाकघरातलं खालचं कपाट अशा डब्यांनी भरलंय आणि ते उघडलं की डबे अंगावर येतात. त्याबद्दल मी काकूंना आजही माफ केलेलं नाही.

मी वीणा, काकूंच्याच रस्त्यावर राहते. माझी पुण्याची जीभ आणि तापट डोकं इथल्या थंडीतही निवलेलं नाही. काकू अगदी उलट. बुटक्या, गोऱ्या, सलवार-कमीजवर काकांचं जुनं जॅकेट घालून बर्फ लोटणाऱ्या, आणि कुणी अंगावर खेकसलं तरी "दमली असेल बिचारी" म्हणणाऱ्या. त्या नागपूरच्या. तिथं शाळेत शिकवायच्या. श्रीरामकाका इकडे आले ते दोन हजार साल उजाडायच्या आधीच्या धांदलीत, जेव्हा कॉम्प्युटरमधल्या तारखा बिघडतील या भीतीनं अमेरिकेनं गावोगावचे इंजिनियर गोळा केले होते. काकू त्यांच्या मागून आल्या. डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरी करायची सोय नाही. वर्गात पोरांना शिस्त लावणारी बाई इथं अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंग लॉट बघत बसली.

निघताना त्यांच्या आईनं त्यांना फिरकीच्या झाकणाचा पितळी डबा दिला होता. आत रव्याचे लाडू. "लाडू संपव आणि डबा पुढच्या वेळी घेऊन ये," आई म्हणाली. "पण रिकामा आणू नको बरं. तिकडचं काहीतरी घालून आण."

पुढची वेळ आलीच नाही. काकांची नोकरी गेली, दुसरी लागली, ग्रीन कार्डाची फाइल पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली आणि वकिलानं सांगितलं, आता देश सोडू नका, परत येता येईल याची खात्री मी देणार नाही. एकदा सगळं जुळून आल्यासारखं वाटलं म्हणून तिकिटं काढली. काकूंनी डब्यात बदाम आणि चॉकलेटं भरली. मग काहीतरी कागद अडला आणि तिकिटं कॅन्सल केली. बदाम खवट झाले तसे काकांनी ते गुपचूप टाकून दिले. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आई गेली. काकूंना फोनवर कळलं. आमच्यातल्या प्रत्येक घरात अशी एखादी गोष्ट असते आणि आम्ही ती भरभर सांगून पुढे चटणी वाढायला घेतो. काकू तर सांगतही नाहीत. तो डबा मात्र त्यांच्या ओट्याच्या वर, सगळ्यात उंच फळीवर आहे. त्यात त्या काही ठेवत नाहीत. नव्यानं आलेल्या कुणी विचारलंच तर म्हणतात, "आईचा आहे. परत द्यायचा राहिला."

पुढे कधीतरी ग्रीन कार्ड झालं, काका-काकूंनी आमच्या रस्त्यावर घर घेतलं, आणि त्यांच्या शेजारी निघाली व्हूला.

व्हूला ग्रीक. तरुणपणी लग्न होऊन इकडे आलेली. नवऱ्याबरोबर तिनं रूट ४६ वर आयुष्यभर डायनर चालवलं. डायनर म्हणजे आपल्या स्टँडजवळच्या हॉटेलासारखं, पहाटेपासून उघडं, ट्रकवाल्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांना अंडी आणि कॉफी देणारं. नवरा गेला, मुलगी डीना फ्लोरिडात स्थायिक झाली, डायनर विकलं आणि व्हूला घरी बसली. तिला घरी बसणं जमत नव्हतं. काळेभोर रंगवलेले केस, नाकावर मोठा चष्मा, आणि समोर कोणीही असो, त्याला "हनी" म्हणायचं. पोस्टमन हनी, मी हनी, श्रीरामकाकासुद्धा हनी. काका लाजून आत निघून जायचे.

काकूंच्या त्या घरातल्या पहिल्याच थँक्सगिव्हिंगला व्हूला दारात आली ती हातात वेताचं एक मोठं शिंग घेऊन. तुम्ही चित्रात पाहिलं असेल. कॉर्न्युकोपिया म्हणतात त्याला. एका बाजूला निमुळतं होत वळलेलं, दुसऱ्या बाजूला रुंद तोंडाचं, आणि त्या तोंडातून फळं नुसती ओसंडत असतात. नोव्हेंबर लागला की इथं ते सगळीकडे दिसतं. दुकानांच्या काचांवर, शुभेच्छांच्या कार्डांवर, पोरांना शाळेत रंगवायला दिलेल्या चित्रांत. व्हूलाचं शिंग डायनरच्या गल्ल्याशेजारी असायचं आणि त्यातलं फळ येणाऱ्या कुणीही उचलावं असा तिच्या नवऱ्याचा नियम होता. आता डायनर नव्हतं, तेव्हा तिनं ते भरून नव्या शेजारणीला दिलं. सफरचंदं, द्राक्षं, अक्रोड आणि रंगीबेरंगी चिमुकले भोपळे.

ते भोपळे शोभेचे असतात हे काकूंना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी त्यांची भाजी केली. ती इतकी कडू झाली की काकांनी पहिल्या घासालाच ताट सरकवलं. काकांनी काकूंच्या हातचं काही नाकारल्याचं मी तेवढं एकदाच ऐकलंय. भाजी टाकली, बाकी फळं संपवली, आणि मग काकूंनी जे केलं ते आपल्याच माणसानं करावं. शिंग ओल्या फडक्यानं पुसलं, उन्हात वाळवलं, त्यात दिवाळीच्या उरलेल्या चकल्या आणि शंकरपाळे भरले आणि शेजारी परत नेऊन दिलं.

व्हूलाचा चेहरा पडला. अख्खं शिंगच भेट होती. अमेरिकेत भेट म्हणून दिलेली टोपली कुणी परत आणत नाही, परत आणली तर समजायचं की आवडली नाही. ती दारात तशीच उभी राहिली. मग तिनं आत पाहिलं. एक चकली उचलली, मोडली, खाल्ली, आणि मोठ्यांदा हसली. नंतर ती मला नेहमी सांगायची, तिच्या गावाकडे तिची आईही शेजारणीची बशी रिकामी पाठवत नसे. इतकी वर्षं अमेरिकेत राहून ती हे पार विसरून गेली होती, आणि एका इंडियन बाईनं चकली देऊन आठवण करून दिली.

पण भांडं कोणाचं? खरी गंमत इथं सुरू झाली. काकूंच्या मते शिंग व्हूलाचं, कारण तिच्या घरून आलं. व्हूलाच्या मते ते रेणूचं, कारण तिनं ते देऊन टाकलं होतं. आठवड्यानं व्हूला ते लोण्याच्या पीळ घातलेल्या बिस्किटांनी भरून परत घेऊन आली, रेणूचं भांडं रेणूला द्यायला. काकूंनी पुन्हा पुसून, वाळवून, संक्रांतीला तिळाच्या वड्या घालून व्हूलाचं भांडं व्हूलाला दिलं. एकाच भांड्याला दोन्ही घरं "तुझं तुझं" म्हणत राहिली आणि ते कुठंच मुक्कामाला थांबेना. दोन घरांमधल्या हिरवळीवर त्यांच्या येण्याजाण्यानं एक पायवाट पडली. गवत कापणारा माणूस तक्रार करायचा. मी काकूंना म्हणायची, "तुम्ही दोघी एकदा बसून ठरवा ना, नक्की कोणाचं ते."

"ठरवून काय करायचं?" काकू म्हणायच्या. "घरी ठेवून धूळ खाईल."

त्या शिंगाची मूळ गोष्ट व्हूलानंच आम्हाला सांगितली. तिच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. तिची ती छोट्या कपातली कडक कॉफी, जिचा गाळ तळाशी राहतो. देवांचा राजा झ्यूस तान्हा होता तेव्हाची गोष्ट. त्याचा बाप जन्मलेलं प्रत्येक पोर गिळून टाकायचा, कारण पोरगा आपल्याला गादीवरून खाली ओढेल अशी त्याला भीती. म्हणून आईनं तान्ह्याला चोरून एका गुहेत नेऊन लपवलं.

"हा तर कृष्णच!" काकू मला कोपर मारून म्हणाल्या. "ऐकून राहिली ना वीणा?"

गुहेत त्याला दूध पाजलं अमाल्थिया नावाच्या शेळीनं. बाळ वाढलं, आडदांड झालं, आणि खेळता खेळता त्यानं तिचं शिंग मोडलं. मग त्याला वाईट वाटलं. त्यानं त्या शिंगाला वर दिला, की यातून हवं ते खायला निघेल आणि हे कधी रिकामं होणार नाही. तेच हे शिंग.

मी लगेच आपल्याकडच्या अक्षयपात्राची फुशारकी मारली. द्रौपदीची थाळी, जी ती स्वतः जेवेपर्यंत रिकामी होत नसे. व्हूलाला ते फार आवडलं. काकूंनी मात्र त्यांच्या मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये विचारलं, "अँड द गोट? शेळीचं पुढे काय झालं?"

व्हूला जरा अडखळली. म्हणाली, कुणी सांगतात देवानं तिला आकाशात तारा करून ठेवलं. आणि कुणी सांगतात, ती मेल्यावर त्यानं तिच्या कातड्याची ढाल केली.

"दूध पिऊन वर कातडं!" काकू मराठीतच म्हणाल्या, आणि व्हूलाला ते न सांगताही कळलं. दोघी हसल्या. पण घरी येताना काकू मला म्हणाल्या, "शिंगाचं सगळं जग चित्र काढून राहिलं. तिला दुखलं का, ते कुणी विचारलं नाही."

खरंच सगळं जग काढतं. त्यानंतर लायसन्स रिन्यू करायला मी डीएमव्हीत बसले होते, नंबर लागत नव्हता, म्हणून भिंतीवरच्या आमच्या न्यू जर्सीच्या झेंड्याकडे पाहत होते. त्यावर दोन बायका आहेत आणि एकीच्या हातात ते शिंग आहे, फळांनी भरलेलं. इतकी वर्षं या राज्यात काढून मला ते दिसलं नव्हतं. घरी येऊन काकूंना सांगितलं तर त्यांना जराही नवल वाटलं नाही. "मग? शेजारच्या बाईला परत द्यायला निघाली असेल."

अशी बरीच वर्षं गेली. बाकीच्यांच्या घरांत मुलं मोठी झाली, लोक पिस्कॅटवेला किंवा हर्नडनला निघून गेले, नवे आले. शिंग येत-जात राहिलं. कोविडच्या दिवसांत ते पायरीवर ठेवायचं, बेल वाजवायची आणि मागे सरून हात हलवायचा असं चालायचं. काकूंच्या पदार्थांमध्ये व्हूलाचा सगळ्यात लाडका म्हणजे नारळाची वडी. आम्ही वड्या चौकोनीही कापतो, पण व्हूला पहिल्यांदा म्हणाली, "आमच्या बकलावासारख्या तिरक्या काप," तेव्हापासून काकू तिच्यासाठी तिरक्याच कापायच्या. वेताची एक कड सुटली ती काकांनी बारीक तारेनं बांधली.

मग व्हूला विसरायला लागली. आधी गॅस, मग नावं. एकदा तिनं शिंगात धुतलेले मोजे घालून पाठवले. काकूंनी ते घड्या करून कपाटात ठेवले आणि कुणाला बोलल्या नाहीत. मला त्या मोज्यांचं हसू आलं होतं, काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हसू गिळलं. पुढच्या हिवाळ्यात व्हूला जिन्यावरून पडली. डीना फ्लोरिडाहून आली आणि तिनं आईला तासाभराच्या अंतरावरच्या एका केअर होममध्ये ठेवलं. शेजारचं घर बंद झालं. शिंग त्या वेळी काकूंकडे होतं. भरून द्यायची पाळी काकूंची होती.

काकूंनी लगेच वड्या केल्या. मी सुट्टीच्या दिवशी ड्राइव्ह करून न्यायचं ठरलं, कारण हायवेवर काकू गाडी चालवत नाहीत. आधी फोन केला ते बरं झालं. नर्सनं सांगितलं, बाहेरचं काहीही आणू नका. तिला गिळता येत नाही, घशात अडकून जीव जाईल. पाणीसुद्धा आम्ही पावडर घालून घट्ट करून चमच्यानं देतो.

काकू फोन ठेवून तिथंच खुर्चीवर बसल्या. जिच्याशी सगळं बोलणं खाण्यातून व्हायचं, तिला आता खायला देता येणार नव्हतं. मी म्हटलं, "नुसतं भेटायला जाऊ."

"आणि ते?" त्यांनी शिंगाकडे बोट केलं.

"ते राहू द्या. नंतर बघू."

"एकदा असंच म्हटलं होतं," काकू म्हणाल्या आणि वरच्या फळीकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहायची गरज नव्हती. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी माझ्यासमोरच ठरवलं. व्हूला आहे तोवर भांडं भरून तिच्या हातात गेलं पाहिजे.

दोन दिवस त्या विचार करत राहिल्या. फुलं नेऊ म्हटलं तर होममध्ये कुणाला तरी ॲलर्जी. शेवटी त्यांनी संत्री आणली. छोटी, पानांसकटची, सालीला भरपूर वास असलेली. "खाता नाही आलं तरी नाक आहे ना," त्या म्हणाल्या. नागपूरच्या बाईला दुसरं काय सुचणार होतं! गाडीत माझ्या हीटरनं तो वास असा भरला की डोकं दुखायला लागलं, पण मी काच खाली केली नाही.

व्हूला खुर्चीत बसली होती. केस पांढरे. काळ्या रंगाशिवाय मी तिला प्रथमच पाहत होते आणि मला एकदम रडू आलं. तिनं आम्हाला ओळखलं नाही. काकू तिच्यासमोर स्टूल घेऊन बसल्या, मांडीवर शिंग ठेवलं, आणि एका संत्र्याची साल नखानं खरवडून तिच्या नाकाशी धरली. व्हूलानं डोळे मिटले. दीर्घ श्वास घेतला. काकू एकेका संत्र्याची साल खरवडत राहिल्या आणि ती एकेक हातात घेऊन हुंगून आपल्या पांघरुणावर ओळीनं मांडत गेली. बोलणं काही नाही. एकीला शब्द आठवत नव्हते आणि दुसरीला इंग्लिश कधी धड येत नव्हतं.

शिंग रिकामं झालं तशी व्हूला अस्वस्थ झाली. तिनं ते उलटं करून पाहिलं, आत हात घातला, इकडेतिकडे बघायला लागली. मला वाटलं, तिला आणखी संत्री हवी आहेत. पण तिची नजर शेजारच्या ट्रेवर गेली. आमच्या चहाबरोबर कुणीतरी साखरेच्या कागदी पुड्या ठेवल्या होत्या. डायनरमध्ये हजारदा केलं असेल तसं तिनं त्या पुड्या पटापट गोळा केल्या, टेबलावर आपटून त्यांच्या कडा जुळवल्या, शिंगात ठेवल्या, आणि शिंग काकूंच्या हातात दिलं.

"टेक इट, हनी," ती म्हणाली. "इट्स ऑन द हाउस." आमच्याकडून, पैसे नकोत; डायनरमध्ये गिऱ्हाइकांना म्हणायची तसंच.

माणूस विसरली होती, देणं विसरली नव्हती. काकूंनी शिंग दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. परतीच्या वाटेवर त्या रडल्या नाहीत. मीच रडत होते, आणि त्या मला सांगत होत्या, "समोर बघ गं, ट्रक येऊन राहिला."

ऑक्टोबरात व्हूला गेली.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या आठवड्यात डीना घर रिकामं करायला आली. ड्राइव्हवेत मोठा लोखंडी कचरापेटारा उभा राहिला आणि त्यात व्हूलाच्या खुर्च्या, पडदे, डायनरचे जुने मेनू पडायला लागले. काकू खिडकीतून बघत होत्या. शिंग त्यांच्याकडेच होतं, आत साखरेच्या पुड्या तशाच. मी म्हटलं, "काकू, या पुड्या आठवण म्हणून राहू द्या. शिंगही राहू द्या. कोण मागतंय?"

"मागायची वाट बघायची असते का? तिच्या घरचं भांडं आहे. घर अजून आहे, लेक आहे. तिच्या हातात गेलं पाहिजे."

त्यांनी त्या पुड्या एकेक फोडल्या. त्यांतली साखर मूठभरही नव्हती. बाकीची घरची घातली, नारळ खवला आणि वड्या थापल्या. तिरक्या कापल्या. शिंग नीट पुसलं, आत स्वच्छ रुमाल घातला आणि वड्या तोंडापर्यंत भरल्या. मला बरोबर यायला सांगितलं, कारण डीनाच्या भरभर इंग्लिशची त्यांना भीती वाटते. साडी नेसल्या होत्या. मी कधी त्यांना त्या हिरवळीवरून साडी नेसून जाताना पाहिलं नव्हतं.

डीना दारात आली. हातांत रबरी मोजे, डोळे सुजलेले. चांगली बाई आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर मी तिच्यावर फार चिडले आणि तो तिच्यावर अन्याय होता. शिंग पाहून तिनं तोंडावर हात नेला. "ओ रेणू!" एक वडी खाल्ली आणि ती तिथंच उंबऱ्यात रडायला लागली. "मॉमला या फार आवडायच्या." काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, झालं, पोचलं.

मग डीना आत जाऊन प्लॅस्टिकची झिपलॉक पिशवी घेऊन आली. सगळ्या वड्या तिनं हळुवारपणे, एकही न मोडता, पिशवीत ओतल्या. रुमाल घडी करून दिला. आणि शिंग काकूंच्या हातात परत ठेवलं.

"हे तुम्ही ठेवा," ती म्हणाली. "मॉम नेहमी सांगायची, दॅट्स रेणूज. मला तुमची वस्तू घ्यायची नाही."

मी तोंड उघडलं. सगळं सांगणार होते. भांडं रिकामं द्यायचं नसतं, निदान चिमूटभर मीठ घाल, एक द्राक्ष घाल, एखादी रबर बँड घाल. काकूंनी माझा हात घट्ट दाबला. मागून घातलेलं त्यांना चालणार नव्हतं. "थँक यू, डीना," त्या म्हणाल्या. "सेफ जर्नी."

आम्ही परत निघालो. पायवाट पानांनी झाकून गेली होती, पण काकूंचे पाय बरोबर तिच्यावरूनच पडत होते. वाटेत त्यांनी एकदा शिंगात डोकावून पाहिलं. निमुळत्या टोकात नारळाचा कीस अडकला होता, तेवढाच.

घरी येताच काकू स्टूलवर चढल्या, काकांनी स्टूल धरलं. उंच फळीवर पितळी डबा थोडा बाजूला सरकवून त्यांनी शिंग त्याच्याशेजारी ठेवलं. खाली उतरल्या आणि कोरडेच हात पदराला पुसत राहिल्या. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. मी म्हटलं, "जाऊ द्या ना काकू. तिची आईच म्हणायची तसं. आता ते कायमचं तुमचं झालं."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

"माझं नको होतं गं मला ते," त्या म्हणाल्या.